दुहेरी रेघ

जनुकीय समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत सुई टोचली जातेच असं नाही. कागद-पेन मात्र निघतोच. समुपदेशक एकेका माणसाची चौकशी करत घराणं मांडत जातो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याला आजार आहे त्याचा आकार काळा भरायचा, जो हयात नाही त्याच्यावर तिरकी रेघ मारायची. नवरा-बायकोला जोडणारी आडवी रेघ एकेरी असते. ती दोघं लग्नाआधीपासूनच रक्ताची नातेवाईक असतील, तर ती दुहेरी काढतात. निदान तीन पिढ्या मांडायच्या, असा शिरस्ता आहे.

सोलापूरकडचं कुटुंब समोर बसलं की या कागदावर खाडाखोड सुरू होते. मामा-भाचीचं लग्न असेल, तर बाळाच्या वडिलांची आई हीच बाळाच्या आईचीही आजी. बाळाची आईकडची आजी बाळाची आत्यासुद्धा लागते. दोन पिढ्या एकाच ओळीत येतात, मग कागद उलटून नव्याने सुरुवात करावी लागते. दवाखान्यात आलेल्या मंडळींना या गुंत्याचं काहीच वाटत नाही, कारण त्यांच्या घरात तो गुंता नाहीच; ते घर आहे.

इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थांची मांडणी केली. उत्तरेत नात्यात लग्न टाळतात, दक्षिणेत ते पसंत करतात आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मधोमध आहे, असं त्यातून दिसतं. सोलापूर तर त्या मधल्या पट्ट्याच्याही दक्षिण टोकाला. १८७७ साली जुनी गिरणी निघाली, पुढे आणखी गिरण्या आल्या, तेलंगणातून विणकरांची कुटुंबं आली आणि शहराचा पूर्व भाग तेलुगू बोलू लागला. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड घरोघरी आहे. पूर्व भागात ‘मेनरिकम’ म्हटलं की मामा किंवा आत्याच्या घरची सोयरीक, हे वेगळं सांगावं लागत नाही. मराठी घरांतही मामाची मुलगी हक्काची मानण्याची रीत जुनीच आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मामा-भाचीचं नातं निषिद्ध नात्यांत धरलं, पण रूढी असेल तिथे मुभाही ठेवली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरात सुमारे ११ टक्के विवाह नात्यातले निघाले. कर्नाटक आणि तमिळनाडूत हे प्रमाण चौथ्या हिश्शाहून अधिक आहे.

शहरातले डॉक्टर याबद्दल कधी कधी फार तुसडेपणाने बोलतात. "नात्यात केलंत ना, मग भोगा," असा सूर असतो. मला हा सूर अडाणीपणाचा वाटतो. जमीन आणि माग घरात राहावा, हुंड्याचा बोजा कमी व्हावा, मुलीला सासरी ओळखीची माणसं मिळावीत, या हिशेबांत चूक काढणं सोपं नाही. सासू ही आत्या किंवा आजी असली की सुनेला दोन घास जास्त मिळतात, हेही लोकांनी पाहिलेलं असतं. अडचण पुढे येते. जनुकीय चाचणीचा निकाल हातात पडतो तेव्हा ज्या नात्यांनी आधार द्यायचा, तीच नाती निकालात अडकलेली असतात.

एक कुटुंब कल्पनेने उभं करू. दत्त नगरच्या बाजूचं, नवरा यंत्रमागावर, बायको विड्या वळणारी, लग्न मामा-भाचीचं. पहिलं बाळ जन्मताना छान होतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यातही मान धरेना, पाय हलवेना. डोळे मात्र तरतरीत. आईकडे बघून हसायचं. वर्ष व्हायच्या आत छातीत कफ साठून गेलं. आता दुसऱ्या खेपेला दिवस राहिलेत. कोणीतरी सांगितलं म्हणून मंडळी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला आली आहेत. बाळ गेलं तेव्हा एका डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासून घेतलं होतं, तो अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. एसएमएन-१ नावाच्या जनुकाचा एक भाग दोन्ही प्रतींत गायब.

प्रत्येकाकडे बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. अशा आजारांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावते. माणसाला जन्मभर काही कळत नाही. त्याला वाहक म्हणतात. दोन्ही आईवडील वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के असते. मामा-भाचीत सरासरीने एक चतुर्थांश जनुकं समान असतात, आतेमामे भावंडांत एक अष्टमांश, त्यामुळे दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते. वाढते म्हणजे किती? कोणत्याही जोडप्याच्या बाळात जन्मजात गंभीर दोष असण्याची शक्यता दोन-तीन टक्के असते. सख्ख्या आतेमामे भावंडांच्या लग्नात ती साधारण दुप्पट होते. मामा-भाचीत त्याहून थोडी जास्त. म्हणजे अशा लग्नांतूनही बहुसंख्य मुलं धडधाकट जन्मतात, आणि घराघरातला अनुभव तोच असल्यामुळे ‘आमच्यात असं कधी झालं नाही’ हे वाक्य खरं असतं.

नात्यात लग्न न करणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. हार्वर्ड आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ८१ गटांत मूळ पूर्वज इतके मोजके होते की, दुर्मीळ जनुकीय आजारांसाठी ओळखल्या जाणाऱ्या फिन आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही त्यांचा ‘संस्थापक परिणाम’ जास्त ठळक निघाला. जातीतच लग्न करण्याची शेकडो वर्षांची ही किंमत आहे. दुहेरी रेघ कागदावर न उमटणारं लग्नही पाच-पन्नास पिढ्यांपूर्वी दुहेरीच असू शकतं. आणि स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीचे वाहक तर सगळ्याच समाजांत इतके आहेत की, नात्यात नसलेल्या जोडप्यांतही हा आजार दिसतो. समोरच्या कुटुंबाला हे सांगितलं की आजीच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरतो.

या कुटुंबाशी बोलताना समुपदेशकाने विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वैद्यकीय नाहीच: "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशामुळे झालं असेल?" सुरुवातीला कोणी बोलत नाही. मग पुरुष मंडळी बाहेर चहाला गेली की बाई बोलते. ग्रहणात तिने भाजी चिरली होती. सासूने सांगितलं होतं, विळीला हात लावू नकोस म्हणून, पण पाहुणे आले होते. दीड वर्ष ती हे पोटात घेऊन वावरते आहे. तिकडे सासूलाही, जी तिची आजी आहे, वाटत असतं की देवीचा नवस आपल्याकडून राहिला. नवरा म्हणतो, मागाच्या धुळीनं. तिघं एका घरात राहतात, तिघांकडे तीन कारणं आहेत आणि तिघांनीही आपापल्या कारणात गुन्हेगार म्हणून स्वतःलाच ठेवलंय.

जनुकीय निदानाचा पहिला मानसिक परिणाम इथे होतो, आणि तो बऱ्याचदा सुटकेचा असतो. आजाराला नाव मिळतं. विळी, ग्रहण, नवस सुटतात. पण त्यांच्या जागी लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: मग कुणाकडून आलं? या आजारात उत्तर सोपं आहे, दोघांकडून. इतर घरांत ते इतकं सोपं नसतं. हिमोफिलिया किंवा डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आई वाहक असते आणि आजारी होतो तो मुलगा. ‘आईकडून आलं’ हे वैज्ञानिक वाक्य सासरच्या ओसरीवर पोचेपर्यंत त्याचं काय होतं, ते सांगायला नको. म्हणून चांगला समुपदेशक हेही सांगतो की डुशेनच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत बिघाड नव्याने झालेला असतो, आईत तो नसतोच. आणि जिच्यात असतो, तिने तो निवडून घेतलेला नसतो.

आता २५ टक्क्यांचं. ऐकणाऱ्याला हा आकडा समजला असं वाटतं, पण सासरा हिशेब करून म्हणतो, "म्हणजे चारात एक. एक गेलं. आता तीन चांगली होतील." या गैरसमजावर हसू नये, भरपूर शिकलेली माणसंही असंच ऐकतात. दर खेपेला सोंगट्या नव्याने टाकल्या जातात, आधीचं दान त्यांना आठवत नाही. हे सांगून झाल्यावर समोरच्याने आपल्या शब्दांत परत सांगेपर्यंत थांबणं, हे समुपदेशनातलं खरं कसब. घाई केली तर मंडळी ‘तीन चांगली’ घेऊनच सोलापूरला परततात.

‘जेनेटिक कौन्सेलिंग’ ही संज्ञा शेल्डन रीड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४७ साली वापरात आणली. त्याआधीच्या काही दशकांत वंशशुद्धीच्या नावाखाली अमेरिकेत आणि जर्मनीत जे झालं, त्याची लाज या पेशाच्या मुळाशी आहे. म्हणून त्याचा मूळ दंडक असा ठरला: माहिती द्यायची, निर्णय द्यायचा नाही. पाश्चात्त्य पुस्तकांत हे ठीक दिसतं. आपल्याकडे माहिती सांगून झाली की ठरलेलं वाक्य येतं, "ते सगळं खरं, पण तुम्हीच सांगा की डॉक्टर, काय करू म्हणून." उत्तर दिलं तर दंडक मोडतो, नाही दिलं तर ‘डॉक्टरांनी अर्ध्यावर सोडलं’ असं वाटतं. मला वाटतं, इथे पुस्तकाला थोडं वाकवायला हरकत नाही. निर्णय सांगू नये, पण सोबत बसून एकेक वाट शेवटपर्यंत चालून दाखवावी: गर्भपिशवीतल्या वारेचा अंश ११ ते १४ आठवड्यांत तपासला तर काय कळेल, बाळ बाधित निघालं तर काय पर्याय, तपासायचंच नाही ठरवलं तर पुढचं वर्ष कसं जाईल.

यात कायद्याचीही गाठ आहे. सोनोग्राफी केंद्राच्या दारावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी वाचून वाचून लोकांच्या मनात गर्भतपासणी म्हणजे काहीतरी बेकायदा, असं बसलंय. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी असा कायदा केला, केंद्राचा १९९४ साली आला. दोन्हींची गरज होतीच. पण त्याच केंद्रीय कायद्याने आनुवंशिक आजारांसाठीची गर्भतपासणी मान्य केली आहे, आणि एक फार चांगली अट घातली आहे: तपासणीचे सगळे धोके आणि परिणाम गर्भवतीला समजावून सांगायचे आणि तिला कळणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घ्यायची. सोलापूरकडच्या बाईसाठी ती भाषा तेलुगू किंवा कन्नड असू शकते. प्रत्यक्षात काय होतं? नववीतल्या दिराला दुभाषा करतात. गर्भपाताबद्दलचं बोलणं चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून वहिनीला ऐकवायचं, यातली विचित्रता कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय खोलीत सहा-सात माणसं बसलेली असतात, सगळी मत देत असतात. गर्भपाताचा कायदा मात्र सज्ञान स्त्रीची एकटीचीच संमती मागतो, नवऱ्याचीही नाही. २०२१ च्या दुरुस्तीने काही परिस्थितींत मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यापुढेही. मुदत वाढली तरी घड्याळ चालूच असतं. नमुना दिल्यापासून निकाल येईपर्यंतचे दोन-तीन आठवडे हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत अवघड काळ. पोट दिसू लागलेलं असतं, शेजारणी विचारतात आणि बाई डोहाळ्यांचं बोलणं टाळते.

वाट बघणं निकालापेक्षा जड असतं, याला संशोधनाचाही आधार आहे. हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार साधारण तिशी-चाळिशीत सुरू होतो, बरा होत नाही आणि आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला येण्याची शक्यता ५० टक्के. १९८३ साली त्याचा जनुकीय माग लागला, १९९३ साली जनुकच सापडलं. चाचणी येण्याआधी, ‘आली तर कराल का?’ या प्रश्नाला धोक्यातल्या बहुतेकांनी हो म्हटलं होतं. चाचणी आल्यावर बहुतेक देशांत पाचात एकापेक्षाही कमी लोक पुढे आले. या संशोधनाचं नेतृत्व करणाऱ्या नॅन्सी वेक्सलर यांची आई याच आजाराने गेली. स्वतः नॅन्सींनी आपली चाचणी केली की नाही हे अनेक वर्षं जाहीर केलं नाही. २०२० साली त्यांनी आपल्याला आजार असल्याचं सांगितलं.

ज्यांनी चाचणी केली त्यांचं काय झालं? कॅनडातल्या एका गटाने १९९२ साली १३५ जणांचा वर्षभराचा मागोवा मांडला. ‘धोका कमी’ असं कळलेल्यांचं मन हलकं झालं, हे अपेक्षितच. पण ‘धोका जास्त’ असं कळलेलेही वर्षअखेर, काहीच न कळलेल्यांपेक्षा बरे होते. त्याच देशातल्या दुसऱ्या पाहणीत उलटी गोष्ट दिसली: चांगला निकाल मिळालेल्यांपैकी सुमारे दहा टक्के लोकांना नंतर मानसिक त्रास झाला. भावाला आहे, मला नाही, याचा अपराध. आणि मरणार म्हणून जगलेली वर्षं फुकट गेली, याची चीड. १९९९ साली जगभरात चाचणी करून घेतलेल्या ४,५२७ जणांचा हिशेब आला. आत्महत्या, तसा प्रयत्न किंवा मनोरुग्णालयात दाखल होणं अशा ४४ घटना त्यात होत्या, म्हणजे एक टक्क्याच्या आत. दिलासा आहे, पण एक अट विसरू नये. या बहुतेकांना चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन मिळालं होतं. कुरिअरने नमुना पाठवून पीडीएफवर निकाल वाचणाऱ्याला हे आकडे लागू होत नाहीत.

कर्करोगाच्या घराण्यांतही हेच. २०१३ साली अभिनेत्री अँजेलिना जोलीने बीआरसीए-१ या जनुकातल्या बिघाडामुळे दोन्ही स्तन काढून घेतल्याचं लिहिलं आणि आपल्याकडेही चौकशी वाढली. या बिघाडात स्तनांच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका ७० टक्क्यांच्या आसपास जातो. मुंबईत टाटा मेमोरियलने आनुवंशिक कर्करोगासाठी वेगळा विभाग चालवला आहे. अशा घरांत एका बहिणीला चाचणी हवी असते, दुसरीला नको असते. आणि नको म्हणणं हाही हक्क आहे. प्रौढपणी येणाऱ्या, बालपणी उपाय नसलेल्या आजारांसाठी लहान मुलांची चाचणी करू नये, हा जगभरचा दंडक त्यासाठीच आहे. मोठं झाल्यावर ते मूल स्वतः ठरवेल.

पण आपल्याकडे सगळ्यात मोठी भीती मरणाची नसते, लग्नाची असते. ‘लेकीची टेस्ट करून ठेवली आणि वाहक निघाली, तर तिला कोण करणार?’ ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली; जवळपास चौथा हिस्सा गाव वाहक निघालं. उद्देश चांगला होता. पुढे पाहिलं तर वाहक लग्न जुळवताना निकाल लपवत होते आणि दोन वाहकांची लग्नं घटलीच नव्हती. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीसारख्या सिकलसेलच्या पट्ट्यात वाहकाला पिवळं आणि रुग्णाला लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. २०२३ च्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. कार्ड वाटणं सोपं. पिवळं कार्ड म्हणजे आजार नव्हे, हे वधूपित्याच्या गळी उतरवणं त्याहून फार कठीण.

ब्रुकलिनच्या सनातनी ज्यू समाजाने यावर एक चतुर तोडगा काढला. रब्बी जोसेफ एकस्टीन यांची चार मुलं टे-सॅक्स या आजाराने गेली. १९८३ साली त्यांनी ‘दोर येशोरिम’ ही संस्था काढली. तरुणांची तपासणी शाळेतच होते, पण निकाल कोणालाच देत नाहीत; फक्त एक क्रमांक मिळतो. स्थळ आलं की दोघांचे क्रमांक कळवायचे आणि उत्तर येतं: जुळतं किंवा जुळत नाही. एकटा कोण वाहक, हे कळतच नाही. पत्रिका बघून स्थळ नाकारण्याची सवय असलेल्या आपल्याला ही पद्धत परकी वाटू नये. तिच्यावर आक्षेप आहेतच. माणसाला स्वतःबद्दलची माहिती न देणं हा त्यातला मोठा. तरीही कलंक टाळण्याचं काम ती करते.

आपल्या दत्त नगरच्या कुटुंबात पुढचा पेच असाच आहे. नवऱ्याचा मधला भाऊ लग्नाचा आहे, मामेबहिणीशी बोलणी चालू आहेत. नवरा वाहक, म्हणून हा भाऊ वाहक असण्याची शक्यता निम्मी. मुलगी त्याच घराण्यातली. डॉक्टर हे परस्पर मुलीच्या वडिलांना कळवू शकत नाहीत. ती माहिती रुग्णाची आहे. अशा वेळी समुपदेशक घरच्यांसाठी एक पत्र लिहून देतात. कुणाचं नाव नाही, फक्त आजार, कोणती चाचणी, कुठे होते. ते कुणाला द्यायचं ते घरचे ठरवतात. पत्र देताना एवढं नीट सांगावं लागतं: आधी मुलाची चाचणी. तो वाहक नसेल तर विषय संपला. तो वाहक आणि ती नसेल, तरीही काळजी नाही. दोघंही निघाली तरी लग्न मोडलंच पाहिजे असं नाही. गर्भतपासणी आहे, प्रयोगशाळेत भ्रूण तपासून रुजवण्याची सोय मोठ्या शहरांत आहे, आणि ही माहिती घेऊन वेगळी वाट धरायची की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं. आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली, जनुकीय आजार आहे एवढ्यावरून आरोग्यविमा नाकारता येणार नाही असा निकाल दिला, तेही पत्राखाली लिहून दिलेलं बरं. विमा एजंट उलटं सांगतात.

पत्र पिशवीत जातं. आता ते द्यायचं कुणी, यावर परतीच्या गाडीत दौंडपर्यंत वाद होतो. नवरा म्हणतो, मी देतो. सासू म्हणते, तू दिलंस तर भांडण होईल, मी बोलते भावाशी. पण कधी? याद्या झाल्या, हळद लागली की कुणी ऐकत नाही. सासू बोटं मोजते आणि म्हणते, याच रविवारी.